यूट लोकांची घरं: सगळेच टिपीत राहत नव्हते

'यूट जमातीचे सगळे लोक पूर्वापार कातड्याच्या उंच टिपीतच राहत' असं लिहिलेला एक फोटो सध्या फिरतो आहे. (यूट ही पश्चिम अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक जमात; टिपी म्हणजे लांब वाशांवर कातडी ताणून केलेला शंकूसारखा तंबू.) फोटोवरचं ते विधान अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं हरवू नये असं मला मनापासून वाटतं.

टिपी होती, पण ती मुख्यतः कोलोरॅडोकडच्या पूर्वेकडील यूटांची. सतराव्या शतकात स्पॅनिश वसाहतींतून घोडे मिळाले, तेव्हा लांब वासे आणि जड कातडी ओढून नेणं जमू लागलं. युटा राज्यातले कितीतरी यूट एकोणिसाव्या शतकातही विकीअपमध्ये, म्हणजे साध्या झोपडीत, राहत. वासे शंकूसारखे एकमेकांना टेकवायचे, वर जुनिपरची साल, फांद्या, गवत. मुक्काम हलला की सांगाडा तिथेच सोडायचा. पश्चिम कोलोरॅडोच्या रानात असे काही सांगाडे आजही उभे आहेत!

कातडी कमावणं, शिवणं हे बायकांचं काम. लग्नानंतर जावई बहुधा सासुरवाडीच्या माणसांजवळ बिऱ्हाड करी. तान्हं बाळ मृगाजिन मढवलेल्या पाळणा-फळीत बांधून आईच्या पाठीवर असे. आणि उरे नावाचा यूटांचा नेता तर 1870च्या दशकात मातीच्या विटांच्या घरात राहत होता.