हाडं घेऊन लेडफील्डला

मेव्हण्याने जीप घेतली की भावजींच्या हाडांवर त्याचा हक्क आपोआप लागू होतो.

"भावजी, एका दिवसाचं काम. सकाळी लास व्हेगासहून निघू, वाळवंटातल्या कच्च्या रस्त्याने एक जुनं खाणींचं गाव बघू, रात्री जेवायला घरी." कच्चे रस्ते मी जन्मभर पाहत आलोय, पण त्यांवरून लोक नाइलाजाने जातात. हौसेने, वर सनस्क्रीन लावून जाणारे मी अमेरिकेतच पाहिले.

ही 2023 च्या ऑगस्टमधल्या हिलरी वादळाआधीची गोष्ट. त्या पावसाने डेथ व्हॅलीतले, म्हणजे याच वाळवंटातले रस्ते उखडले, तेव्हा घरात बरीच हळहळ झाली. मीही तीत आवाजापुरता सामील झालो.

नेवाडातलं बीटी गाव मागे पडलं आणि डांबरी रस्ता सोडल्या सोडल्या मेव्हणा खाली उतरून चारही टायरांतली हवा काढू लागला. हवा कमी केली की टायर पसरतो, वाळूत रुतत नाही आणि दगडांचा मार त्याला कमी लागतो, असं त्याने समजावलं. मग तो मार जातो कुठे, हे मी विचारणार होतो. उत्तर पहिल्या दोन मैलांतच मिळालं.

टायटस कॅन्यनचा हा रस्ता 27 मैलांचा, म्हणजे साधारण 43 किलोमीटर, आणि एकेरी. एकदा आत शिरलात की दुसऱ्या टोकालाच बाहेर. ज्या देशात वापरलेली गादीसुद्धा दुकानदार परत घेतात, तिथे या रस्त्याने मात्र परतीची सोय ठेवलेली नाही. मोबाइलचं नेटवर्क तर बीटीलाच आमचा निरोप घेऊन थांबलं होतं.

सुरुवातीची सपाटी अशी, की कुणी अख्खा रस्ता पन्हाळी पत्र्याने मढवलाय. मेव्हण्याचा सिद्धांत होता, की हळू गेलं तर प्रत्येक उंचवटा जाणवतो. वेगात गेलं तर गाडी वरच्या वर तरंगते. गाडी तरंगत असेलही. आम्ही नव्हतो. मागच्या सीटवर बायको पाण्याचे कॅन मिठीत घेऊन बसली होती, माणशी चार लिटरच्या हिशोबाने. मध्येच ती काहीतरी बोलली, पण प्रत्येक शब्दाचे तीन-तीन तुकडे झाल्याने जोडता आले नाहीत. सूर कळला.

मग रेड पासचा चढ. उंची 1,600 मीटर, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मेव्हण्याला भूगर्भशास्त्र नेमकं वळणावर आठवतं. "तो लाल थर बघा, भावजी!" म्हणत त्याने स्टिअरिंगवरचा हात उचलला. मी त्याचा दुसरा हात बघत होतो. आता मागे फिरणं शक्य नाही अशी खात्री झाल्यावर त्याने हेही सांगितलं, की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टायटस नावाचा माणूस इथे पाणी शोधायला गेला तो परत आलाच नाही, म्हणून या दरीला त्याचं नाव. बायकोने कॅन आणखी घट्ट धरले.

खिंडीपलीकडे उतरल्यावर लेडफील्ड आलं. पत्र्याच्या चार-दोन खोल्या, खाणीचं तोंड, माहितीफलक.

"गाव पुढे आहे का?" मी विचारलं.

"हेच गाव, भावजी."

त्याचा इतिहास मात्र गावापेक्षा मोठा निघाला. सी. सी. ज्युलियन नावाच्या शेअर खपवणाऱ्या गृहस्थाने 1926 मध्ये इथल्या शिशाची अशी काही जाहिरात केली, की लॉस एंजेलिसहून खास रेल्वेने शेकडो लोक बीटीपर्यंत आले. तिथून त्यांना मोटारींनी इथवर आणून जेवण घातलं. ऑगस्टमध्ये पोस्ट ऑफिस उघडलं. शिसं काही अपेक्षेएवढं निघेना, आणि 1927 उजाडून फार दिवस झाले नाहीत तोच पोस्ट ऑफिस बंदही झालं. म्हणजे मेव्हण्याच्या जीपची वॉरंटी या आख्ख्या गावाच्या आयुष्यापेक्षा मोठी होती! रस्ताही त्याच धामधुमीत तयार झालेला. शेअर घेणाऱ्यांच्या पैशातून जे टिकाऊ निघालं ते एवढंच, आणि ते वसूल होत होतं माझ्या कमरेतून.

तरी ज्युलियनबद्दल मला थोडा आदर वाटला. त्या काळच्या मोटारीतून, याच दगडांवरून आलेल्या माणसांना इथे उतरवून शेअर विकायचे, म्हणजे माणूस साधा नव्हे. आमचा मेव्हणा त्याच घराण्यातला असावा. त्याने तर फुकट आणलं आणि वर आभार मानून घेतले.

शेवटचा टप्पा, खरं सांगायचं तर, फार सुंदर. दरी अरुंद होत वीसेक फुटांवर येते, दोन्ही बाजूंना शेकडो फूट उंच भिंती आणि मधून आपली जीप. मीही खिडकीतून मान बाहेर काढून वर बघत राहिलो. पाऊस आला तर इथे पुराचा लोंढा येतो, हे मेव्हण्याने तेव्हाच सांगायला हवं होतं असं नाही.

डांबरी रस्त्याला लागल्यावर तो पंप काढून टायरांत हवा भरू लागला. मी जमिनीवर उभा होतो, तरी हलत होतो.

"पुढच्या वेळी रेसट्रॅकला जाऊ," तो म्हणाला. "तिथे वाळलेल्या तळ्यावर दगड आपले आपण सरकतात, ताई!"

"मग सरकू देत ना त्यांना," बायको म्हणाली. "आपण कशाला ढकलायला जायचं?"