कुत्रा देऊन टाक म्हणणाऱ्यांसाठी

"कुत्रा कुणाला तरी देऊन टाक बाई आता." सोनोग्राफीत एकाऐवजी दोन ठोके दिसले, बातमी नातेवाइकांच्या ग्रुपवर गेली आणि अभिनंदनाच्या पाठोपाठ पहिला सल्ला आला तो हा. मग रांगच लागली. मुक्ताला वर्षभर आजोळी ठेव, पहिलीच तर आहे, तिथल्या शाळेत घाल. नोकरी सोड, नाहीतरी निम्मा पगार सांभाळणाऱ्या बाईलाच जाणार. एका मावशींनी तर हसत हसत, पण अगदीच चेष्टेने नव्हे, सुचवलं की जुळ्यांतलं एक तुझ्या जावेला दे, तिला मूल नाही. जाऊबाई तिथेच बसल्या होत्या. त्यांनी चहाचे कप उचलले आणि त्या आत गेल्या.

मुली आता चार महिन्यांच्या झाल्यात. सल्ले अजून चालू आहेत, म्हणून एकदाच लिहून टाकते. सल्ला देणारा प्रत्येक जण वजाबाकी सुचवतो. घरातून कुणाला कमी करता येईल? कुत्र्याला, मोठ्या मुलीला की आईच्या पगाराला? "मी मंगळवारी दुपारी येऊन बसते, तू झोप" असं म्हणणारी माणसं मात्र एका हाताच्या बोटांवर मोजावीत. आमच्या घरात जीव जास्त झालेले नाहीत, हात कमी पडतायत. या दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : डोंबिवली पूर्व, जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. सहा वर्षांची मुक्ता. चार महिन्यांच्या रेवा आणि जुई. आणि भुऱ्या, जो मुक्ताच्याही आधीपासून या घरात आहे. स्टेशनजवळच्या एका गॅरेजमागे सापडलेलं गावठी पिल्लू, आता आठ वर्षांचा बाप्या. तिन्ही मुलीच म्हटल्यावर ज्यांचे चेहरे पडतात त्यांना आम्ही सांगतो की मुलगा आहे की, तो काय दारात बसलाय.

जुळी कशी झाली, हा दुसरा लाडका विषय. "जुळं केळं खाल्लंस का?" हे मला एका एमएस्सी झालेल्या बाईंनी विचारलं. केळ्याचा काही संबंध नाही हो. आमच्या मुली दोन वेगवेगळ्या बीजांपासून झालेल्या आहेत. अशी जुळी होण्याचा कल आईकडच्या घराण्यातून येतो, आणि आईचं वय तिशी-पस्तिशीच्या पुढे असेल तर शक्यता वाढते. माझ्या आजीच्या बहिणीला जुळी होती, माझं वय सदतीस. बिचारं केळं यात कुठेच नाही. वेगवेगळ्या बीजांच्या असल्याने त्या दिसायलाही वेगळ्या आहेत, एक उजळ आणि एक सावळी, आणि त्यावरून जे काय बोललं जातं ते मी इथे लिहीत नाही. ज्यांनी बोललं त्यांना कळेल.

वजाबाकी फक्त नातेवाईक करतात असंही नाही. नियमही तेच करतात, फक्त जास्त सभ्यपणे. 2017 पासून बाळंतपणाची भरपगारी रजा 26 आठवड्यांची झाली, उत्तमच झालं. त्यातले जास्तीत जास्त 8 आठवडे तारखेच्या आधी घेता येतात. पण रजा बाळंतपणाची आहे, बाळांची नाही. एक झालं काय, दोन झाली काय, आठवडे तेवढेच. जुळी बहुतेकदा लवकर येतात. मला बत्तिसाव्या आठवड्यात डॉक्टरांनी आडवं केलं आणि पस्तिसाव्यात मुली आल्या. म्हणजे तीन आठवडे आधीच गेले. रजा संपेल तेव्हा मुली जेमतेम सव्वापाच महिन्यांच्या असतील, आणि लवकर आलेल्या बाळांचं वय मूळ तारखेपासून धरायचं या डॉक्टरी हिशेबाने चारच्या. सहा महिने फक्त आईचं दूध द्या, असं सरकारच्याच दवाखान्यातल्या भिंतीवर लिहिलंय. आता भिंतीचं ऐकू की मस्टरचं?

बापाचं तर बोलायलाच नको. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला पितृत्वाची 15 दिवसांची रजा आहे. खाजगी कंपनीवर तसं काही बंधन नाही, साहेब देतील ती कृपा. माझ्या नवऱ्याला एक आठवडा मिळाला. त्यातले बरेचसे दिवस मुली काचेच्या पेटीत होत्या आणि तो बाहेरच्या बाकावर.

आणि ते कार्यालयातलं पाळणाघर! पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं, असा नियम आहे. नियम चांगला आहे. पण हे लिहिणाऱ्याने सकाळी आठ वाजता डोंबिवली स्टेशनात उभं राहून पाहिलेलं नसावं. लेडीज डब्यात जिथे पर्स छातीशी धरून एका पायावर मुंबई गाठायची, तिथे दोन बाळं, दोघींचे कपडे आणि दुधाच्या बाटल्या घेऊन चढायचं? बाळं ऑफिसात पोचली तर पाळणाघराचा उपयोग. आमच्यासारख्यांना ते घराजवळच हवं, आणि त्याचे पैसे कंपनीने द्यावेत. याबद्दल कुणी बोलत नाही.

गावाकडच्या काकांनी फोन करून काळजी व्यक्त केली होती की, आता तिसरं अपत्य झालं, म्हणजे तू ग्रामपंचायतीला उभी राहू शकत नाहीस. (मी राहणारही नव्हते, पण ते असो.) त्यांना सांगितलं, काका, पहिलं एकच मूल असेल आणि नंतरच्या एकाच बाळंतपणात कितीही झाली, तरी ती सगळी मिळून एकच धरतात. तेवढी एक गोष्ट आमच्या पथ्यावर पडलीय. बाकी सगळीकडे हे 'एकच' अंगावर येतं.

कारण घरात त्या दोन आहेत. चौदाव्या आठवड्याची लस घ्यायला गेलो, तर एकेकीला तीन सुया आणि तोंडातून दोन डोस. बाळ लवकर आलेलं असलं तरी लस जन्मतारखेप्रमाणेच द्यायची असते, तिथे वय कमी करून मिळत नाही. महापालिकेच्या केंद्रात सगळं मोफत आणि व्यवस्थित झालं, सिस्टर अगदी मायेने वागल्या. खरी गंमत रात्री. तापाचं औषध वजनावर ठरतं, आणि दोघींच्या वजनात जवळपास एक किलोचा फरक. त्यामुळे एकच बाटली पण दोन मापं. रात्री अडीचला, अर्धवट झोपेत, ड्रॉपरवरच्या रेघा बघायच्या. फ्रिजवर एक कागद लावलाय. कुणाला किती वाजता, किती, आणि कुणी दिलं. हे 'कुणी दिलं' सर्वांत महत्त्वाचं, कारण अडीचला मी दिलेलं नवऱ्याला पावणेतीनला माहीत नसतं.

दिवसातला मला सर्वांत आवडणारा तास म्हणजे आंघोळीचा. त्या तासाला घरात हात पुरेसे असतात, म्हणून आवडत असावा. न्हाऊ घालणाऱ्या मावशी साडेनऊला येतात. न्हाणीघरात पाटावर बसून पाय लांब करतात, साडी गुडघ्याच्या वर खोचतात आणि नडग्यांवर रेवाला पालथं घालतात. आधी खोबरेल, मग डाळीचं पीठ आणि साय. पाण्यात आधी स्वतःचं कोपर बुडवून बघतात, मगच तांब्या उचलतात. रेवा पहिल्या तांब्याला श्वास रोखते, दुसऱ्याला भोकाड पसरते, आणि तिसऱ्या तांब्यानंतर तिला तेच पाणी आवडायला लागतं. तोवर जुई माझ्या मांडीवर तेल लावून तयार. सुट्टीच्या दिवशी मुक्ता तांब्या धरायला बसते. सासरे दुपटं पसरून दारात उभे. हा माणूस सत्तरीपर्यंत स्वतःचा कप विसळत नव्हता. चिपळूणहून चार दिवसांसाठी आला आणि राहिलाच. आता दुपट्यांच्या अशा घड्या घालतो की कपाटात इस्त्रीचे कपडे ठेवल्यासारखे वाटतात. न्हाणीघराच्या उंबऱ्याबाहेर भुऱ्या पसरलेला असतो. आत यायचं नाही हे त्याला माहीत आहे, पण नाक अगदी उंबऱ्यावर.

तर भुऱ्याबद्दल. लोकांची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. कुत्रा आणि तान्ही बाळं यांना एकटं सोडायचंच नाही, कितीही गुणी असला तरी, एका मिनिटासाठीही नाही. हा आमच्या घरातला पहिला नियम, आणि तो पाळायलाही एक माणूस लागतं. मुली घरी यायच्या आधी नवरा त्यांची वापरलेली दुपटी दवाखान्यातून आणून भुऱ्याला हुंगायला देत होता. रेबीजची लस दर वर्षी, जंताचं औषध वेळेवर, बाळांच्या खोलीला लाकडी आडवं फाटक. मुलांच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी केसांची झाडलोट नीट ठेवा एवढंच सांगितलं. फिनलंडमध्ये 397 बाळांवर झालेला एक अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला होता. घरात कुत्रा असलेल्या बाळांना पहिल्या वर्षात सर्दी-खोकला आणि कानाचे आजार कमी झाल्याचं त्यात दिसलं. त्यावरून कुत्रा म्हणजे औषध असं ठरत नाही, आणि फिनलंडची हवा डोंबिवलीत नाही. पण "कुत्र्यामुळे बाळ आजारी पडतं" हे जे छातीठोक सांगतात त्यांच्याकडे तर तेवढंही काही नसतं.

भुऱ्याची खरी अडचण वेगळीच आहे. त्याला दिवसातून तीन वेळा खाली न्यावं लागतं. तीन मजले. नवरा सकाळच्या लोकलला गेला, सासऱ्यांचे गुडघे जिना मानत नाहीत, आणि मी दोघींना सोडून उतरू शकत नाही. सुरुवातीला दुपारी तो दाराशी उभा राहून माझ्याकडे नुसता बघत राहायचा, भुंकायचाही नाही. त्या नजरेने मला दवाखान्याच्या बिलापेक्षा जास्त रडवलंय. आणि याच दिवसांत सगळे म्हणत होते, बघ, सांगितलं होतं ना, देऊन टाक. यावर उपाय निघाला तो समोरच्या घरातला बारावीचा मुलगा. क्लासवरून आला की दहा मिनिटं भुऱ्याला फिरवून आणतो, महिन्याला थोडे पैसे घेतो, त्यातून मोबाइलचा रिचार्ज करतो. झालं. एवढाच प्रश्न होता. आठ वर्षं घरात राहिलेल्या जनावराला घराबाहेर काढायची गरज नव्हती, एका पोराच्या दहा मिनिटांची होती.

मुक्ताचंही तेच. तिला आजोळी पाठवा म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण सहा वर्षांच्या मुलीला त्यातून काय कळेल? दोन नवीन आल्या आणि मला काढलं. सध्या ती रोज "मलाही तीट लाव" म्हणते आणि शाळेत जाताना गालाला काळा ठिपका लावून जाते. बाईंनी विचारलं तर म्हणाली, मला पण नजर लागू शकते. येणारा प्रत्येक पाहुणा तिला "आता तू मोठी ताई" म्हणतो आणि लगेच डायपर आणायला पाठवतो. परवा तिने शांतपणे विचारलं, ताईला पगार किती असतो? मला उत्तर सुचलं नाही. सासऱ्यांनी खिशातून दहाची नोट काढून दिली. आता ती रोज सकाळी त्यांच्यासमोर हात पसरते आणि हे कुठवर जाणार मला माहीत नाही. रविवारी सकाळी एक तास ती, मी आणि भुऱ्या, तिघंच बाहेर पडतो. जुळ्या बापाकडे. "अरे वा, बायकोला मदत करतोस" असं कुणी म्हटलं की नवरा आता स्वतःच सांगतो, मदत नाही काका, माझ्याच आहेत त्या.

स्वयंपाकाचं काय, असंही विचारतात. डोंबिवलीत हा प्रश्न पडू नये. गल्लीच्या टोकाला पोळीभाजी केंद्र आहे, पोळ्या तिथून येतात. त्यावरही नाक मुरडणारे आहेत. त्यांनी पोळ्या लाटून आणाव्यात, मी आनंदाने खाईन.

तेव्हा ज्यांना बाळं बघायला यायचंय त्यांनी जरूर या. फक्त फ्रॉक आणू नका. लहान मापाच्या फ्रॉकांनी एक कप्पा भरलाय आणि मुली घरात झबल्यातच असतात. त्यापेक्षा येताना भाजी निवडून आणा. मुक्ताशी पत्त्यांचा एक डाव खेळा, आणि हरायची तयारी ठेवा, ती पत्ते लपवते. भुऱ्याला खाली चक्कर मारून आणा, पट्टा दारामागे खुंटीला असतो. आणि बेल वाजवू नका. बेल वाजली की भुऱ्या भुंकतो, भुऱ्या भुंकला की दोघी उठतात, आणि मग तुमचा चहा तुम्हालाच करून घ्यावा लागतो.