“लगेच फॉरमॅट मारा” म्हणणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्यापाऱ्यांच्या, सौहार्द (सहकारी) सोसायट्यांच्या आणि प्रेसवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर रॅन्समवेअरबद्दल, म्हणजे फाइली कुलूपबंद करून त्या सोडायला खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामबद्दल, एक मेसेज फिरतो आहे. शब्द इकडचे तिकडे होतात, गाभा तोच. ही मोठ्या कंपन्यांची भानगड आहे, आपल्याला काय त्याचं. चांगला अँटीव्हायरस असला की बास. तरीही फाइली लॉक झाल्याच तर लगेच कॉम्प्युटर फॉरमॅट मारा. बॅकअपसाठी एक हार्डडिस्क कायम जोडून ठेवा. अगदीच अडलं तर पैसे भरा, फाइली नक्की सुटतात. १९३० ला फोन केला तर डेटा परत मिळतो, पण पोलिसांच्या नादी लागू नका, कॉम्प्युटर उचलून नेतात. शेवटी अर्थातच “जास्तीत जास्त शेअर करा”.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. पण फॉरमॅटचा सल्ला सगळ्यांत घातक आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

“फाइली लॉक झाल्या की लगेच फॉरमॅट मारा”

रॅन्समवेअर फाइली पुसत नाही, जागच्या जागी कुलूपबंद करतं. फोल्डर उघडलं की चिन्हं पांढरी पडलेली दिसतात, बिलाच्या पीडीएफपुढे भलतंच शेपूट लागलेलं असतं आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक टेक्स्ट फाइल पडलेली असते. खंडणीची चिठ्ठी ती हीच. आतलं कुलूप दुहेरी असतं. मजकूर बहुधा एईएससारख्या सांकेतिक पद्धतीने बंद केलेला असतो आणि त्याची किल्ली पुन्हा आरएसएसारख्या दुसऱ्या पद्धतीने बंद केलेली असते. ती उघडणारी खासगी किल्ली हल्लेखोराकडे राहते. त्यामुळे “आमचा इंजिनियर क्रॅक करून देतो” असं कोणी म्हणालं तर ते खरं मानू नका.

किल्ल्या मात्र पुढे कधी तरी बाहेर येतात. कधी टोळीवर छापा पडतो, कधी टोळीच्याच प्रोग्रामात चूक सापडते. फोबोस नावाच्या रॅन्समवेअरने कित्येक वर्षं लहान कार्यालयांना छळलं. जुलै २०२५ मध्ये जपानच्या पोलिसांनी त्याच्या फाइली उघडणारं साधन फुकट खुलं केलं. ज्यांनी बंद फाइली कपाटात जपून ठेवल्या होत्या, त्यांना त्याचा उपयोग. ज्यांनी त्याच दिवशी फॉरमॅट मारला, त्यांच्याकडे उघडायलाच काही उरलं नाही.

घरगुती कॉम्प्युटरांवर आणि डीटीपीच्या दुकानांत जास्त दिसलेला प्रकार म्हणजे स्टॉप, उर्फ डीजेव्हीयू. त्याची चिठ्ठी रीडमी नावाची. मागणी आधी ९८० डॉलर, ७२ तासांत संपर्क केला तर ४९०; पुढच्या आवृत्त्यांत ९९९ आणि ४९९. ऑक्टोबर २०१९ मध्ये एमसीसॉफ्ट या सुरक्षा कंपनीने याच्या १४८ प्रकारांसाठी फुकट साधन काढलं. नव्या प्रकारांत मेख अशी आहे की हल्ल्याच्या वेळी इंटरनेट नव्हतं तर सगळ्यांसाठी एकच ‘ऑफलाइन’ किल्ली वापरली जाते आणि चिठ्ठीतल्या आयडीच्या शेवटी ‘टी१’ ही अक्षरं येतात. अशा फाइली कधी ना कधी सुटण्याची आशा असते. प्रत्येक मशीनसाठी वेगळी अशी ‘ऑनलाइन’ किल्ली असेल तर जवळजवळ नाही. आणखी एक, हे रॅन्समवेअर फाइलचा सुरुवातीचा सुमारे १५० केबीच भाग बिघडवतं. त्यामुळे दोन-तीन जीबीच्या लग्नाच्या व्हिडिओचा बराचसा भाग दुरुस्तीच्या साधनांनी परत येऊ शकतो, दोन पानांची वर्ड फाइल मात्र पूर्ण जाते. हे सगळं डिस्क शाबूत असेल तरच.

फॉरमॅटने दुसरं नुकसान होतं ते पुराव्याचं. चोर कुठल्या दारातून आला, कुठल्या युजरनेमने आणि किती वाजता, हे विंडोजच्या नोंदींत असतं. त्या पुसल्या की नवं विंडोज टाकता, जुनाच पासवर्ड ठेवता, आणि काही दिवसांनी तोच पाहुणा पुन्हा हजर.

मग पहिल्या तासात करायचं काय? आधी लॅनची वायर उपटा, वायफाय बंद करा. एकापेक्षा जास्त मशीन असतील तर सरळ स्विचचीच वीज काढा, म्हणजे सगळी एकमेकांपासून तुटतात. जोडलेल्या हार्डडिस्क आणि पेनड्राइव्ह काढा. त्यानंतर फाइलींची नावं बघा. डोळ्यांदेखत बदलत असतील तर कुलूप लावण्याचं काम अजून चालू आहे. अशा वेळी पॉवरचं बटन दाबून धरून मशीन बंद केलेलंच बरं, उरलेल्या फाइली तरी वाचतात. काम संपलेलं असेल तर मशीन चालू ठेवा, रीस्टार्ट करू नका. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय रॅन्समवेअरमध्ये विंडोज एक्सपी आणि ७ च्या काही मशीनांवर मेमरीत राहिलेल्या आकड्यांवरून किल्ली परत बांधता आली, पण रीस्टार्ट न केलेल्या मशीनांवरच. त्यानंतर चिठ्ठीचा आणि दोन-तीन फाइलनावांचा मोबाइलने फोटो काढा, वेळ लिहून ठेवा. दुसऱ्या, स्वच्छ मोबाइलवरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला. लागण झालेल्या मशीनवर ॲडमिनच्या नावाने लॉगिन करू नका, तो पासवर्डही चोराच्या हाती जाऊ शकतो.

मग ‘नो मोअर रॅन्सम’ या साइटवर चिठ्ठी आणि एक-दोन बिनमहत्त्वाच्या बंद फाइली टाकून बघा. २०१६ मध्ये नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल (युरोपीय संघाची पोलीस संस्था) आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी ती सुरू केली. कुठल्या टोळीचं काम आणि फुकट साधन आहे का, एवढं ती सांगते. साधन नसेल तर नवी एसएसडी डिस्क बसवा, तिच्यावर विंडोज टाका. जुनी डिस्क तारीख लिहून कपाटात ठेवा. धंदाही सुरू होतो आणि फाइली पुढे सुटण्याची वाटही बंद होत नाही.

“मोठ्या कंपन्यांची भानगड, आपल्याला काय”

लहान कार्यालयाकडे कोणी बघत नाही, यंत्र बघतं. २०१३ सालीच झेडमॅप नावाच्या साधनाने दाखवून दिलं की गिगाबिट जोडणीवर इंटरनेटवरचे जगातले सगळे आयपीव्ही४ पत्ते ४५ मिनिटांच्या आत तपासता येतात. गणपत गल्लीतलं दुकान आणि उद्यमबागेतलं मशीनशॉप त्या झडतीत सारखेच. दार उघडं सापडलं तर आत शिरायचं, कोण आहे ते मग बघायचं.

आणि लहानांची मोठ्यांशी गाठ असतेच. ३१ जुलै २०२४ रोजी बँकांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला तेव्हा एनपीसीआयने (यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने) तिला पेमेंट यंत्रणेपासून तोडलं. सुमारे ३०० सहकारी आणि ग्रामीण बँकांचे व्यवहार त्या काळात अडले, दुसऱ्या दिवशी सुरळीत झाले. त्या बँकांनी स्वतः काही चूक केली नव्हती. आपली सौहार्द सोसायटी ज्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चालते, तिच्याकडे बॅकअप कुठे असतो आणि बंद पडलं तर काम हाताने कसं चालवायचं, हे संचालकांनी करारातच लिहून घ्यायला हवं.

“चांगला अँटीव्हायरस असला की बास”

इथल्या कार्यालयांत चोर आत येण्याच्या दोन वाटा नेहमी उघड्या असतात. पहिली रिमोट डेस्कटॉप, म्हणजे लांबून कॉम्प्युटर चालवण्याची सोय. अकाउंटंटला घरून टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) बघता यावी म्हणून राउटरवर ३३८९ नंबरचं पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचं दार, उघडलेलं असतं, आणि पासवर्ड म्हणजे दुकानाच्या नावापुढे १२३. यंत्र रात्रभर पासवर्ड लावून बघतं. एकदा ॲडमिन म्हणून आत आलं की पहिलं काम अँटीव्हायरस बंद करणं आणि दुसरं विंडोजने आपोआप ठेवलेल्या फाइलींच्या जुन्या प्रती पुसणं. पोर्टचा नंबर ३३९० केला म्हणजे वाचलो, असं समजणारेही पुष्कळ. झडती सगळ्याच नंबरांची होते. राउटरच्या पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये जा, ती ओळ काढून टाका. घरून काम करायचंच असेल तर व्हीपीएन (ऑफिसपर्यंतची बंदिस्त, खासगी जोडणी) आणि मोबाइलवर येणारा दुसरा कोड, दोन्ही हवेत.

दुसरी वाट क्रॅक सॉफ्टवेअरची. पत्रिका छापणाऱ्याला मराठी आणि कन्नड दोन्ही टायपिंग लागतं, शिवाय डिझाइनचं सॉफ्टवेअर, आणि सगळं पेनड्राइव्हवर “पॅच करून” मिळतं. त्या पॅचसोबतची सूचना वाचा: इन्स्टॉल करताना अँटीव्हायरस बंद ठेवा. मालकाने स्वतःच्या हाताने पहारेकरी घरी पाठवला, तर अँटीव्हायरस बिचारा काय करणार?

विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबले, विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वॉनाक्राय ज्या भोकातून शिरलं, ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच दिला होता. उद्यमबागेत सीएनसी मशीनला जोडलेलं जुनं विंडोज बदलता येत नाही, हे खरं. मग त्याला इंटरनेट देऊ नका, ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवा.

विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’ नावाचा भाग आहे, त्यातलं ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ मुळात बंद असतं. चालू करा, टॅलीचं डेटा फोल्डर त्यात घाला. सुरुवातीला टॅलीलाच ते अडवतं. मग टॅली परवानगीच्या यादीत टाका. हा पाच मिनिटांचा त्रास टाळण्यासाठीच लोक ते बंद ठेवतात.

“बॅकअपची हार्डडिस्क कायम जोडलेली असू द्या”

कायम जोडलेली डिस्क रॅन्समवेअरला ई ड्राइव्ह म्हणून दिसते आणि सी नंतर तीच बंद होते. मॅप केलेला नेटवर्क ड्राइव्हही तसाच जातो. गूगल ड्राइव्हवर सिंक असेल तर बंद फाइली वर चढतात. पीडीएफ, एक्सेल अशा फाइलींच्या जुन्या आवृत्त्या तिथे ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत राहतात, त्यामुळे मुदतीत लक्षात आलं तर सुटका आहे. पण हजारो फाइली एकेक करून मागे नेणं म्हणजे काय, ते करून बघितल्याशिवाय कळत नाही.

चालणारी पद्धत अशी. दोन बाहेरच्या डिस्क घ्या, एकीवर ‘अ’ आणि दुसरीवर ‘ब’ लिहा. सोमवारी आणि गुरुवारी ‘अ’, मंगळवारी आणि शुक्रवारी ‘ब’. काम संपल्यावर जोडायची, कॉपी झाली की काढायची, आणि त्या दिवशी जी वापरली नाही ती मालकाच्या घरी. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट-वाय दाबून बॅकअप घ्या, शिवाय डेटा फोल्डरही कॉपी करा. चोर काही वेळा आत येऊन काही दिवस गप्प बसतो, म्हणून दर महिन्याची एक प्रत आणि ३१ मार्चची वर्षअखेरची प्रत वेगळी ठेवा, तिच्यावर पुन्हा काही लिहू नका.

महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा. कंपनी लोड होते का, डे बुकमध्ये शेवटच्या दिवसाची बिलं दिसतात का, ट्रायल बॅलन्स जुळतो का. फोल्डर दिसतंय म्हणजे बॅकअप आहे, या समजुतीने वर्षभर रिकामं किंवा अर्धवट फोल्डर कॉपी होत राहिल्याची उदाहरणं ढिगाने आहेत.

“पैसे भरा, फाइली नक्की सुटतात”

‘नक्की’ हा शब्द काढून टाका. मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कोलोनियल पाइपलाइनने ७५ बिटकॉइन भरले. मिळालेलं साधन इतकं हळू चाललं की त्यांना स्वतःच्या बॅकअपवरच काम काढावं लागलं. २०२४ मध्ये चेंज हेल्थकेअर या अमेरिकन कंपनीच्या प्रकरणात २ कोटी २० लाख डॉलर दिल्यावर एक टोळी पैसे घेऊन पसार झाली आणि तोच डेटा घेऊन दुसरी टोळी मागणी करायला आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये लॉकबिट नावाच्या रॅन्समवेअर टोळीच्या सर्व्हरवर पोलिसांनी ताबा मिळवला, तेव्हा पैसे भरलेल्यांचाही डेटा तिथेच पडलेला आढळला. “डिलीट केला” या शब्दाची किंमत तेवढीच.

“शंभर टक्के रिकव्हरी” करून देणाऱ्या दुकानांपासूनही जपा. काही जण तुमच्या पैशातून चोराला खंडणी देतात आणि वर आपला नफा लावतात.

पैशाचा विचार करण्याआधी, बाहेर कुठे काय आहे याची यादी करा. विक्रीची आकडेवारी जीएसटीआर-१ मधून, खरेदीची जीएसटीआर-२बी मधून जीएसटीच्या पोर्टलवर मिळते. बँकेचं स्टेटमेंट बँकेकडे, ड्रॉइंग बऱ्याचदा गिऱ्हाइकाच्या ईमेलमध्ये, पगाराचा हिशेब पीएफच्या पोर्टलवर. निपाणीतल्या तंबाखूच्या व्यापाऱ्याची वर्षभराची वही यातून चार-पाच दिवसांत बऱ्यापैकी उभी राहते. कंटाळवाणं काम आहे, पण चोराच्या मेहेरबानीवर नाही.

“१९३० ला फोन केला की डेटा परत”

१९३० हा मुख्यतः पैसे गेल्यावरचा नंबर आहे. यूपीआयने रक्कम गेली तर ती पुढच्या खात्यात गोठवायला लगेच फोन करायचा. कुलूपबंद फाइली त्या फोनने उघडत नाहीत. रॅन्समवेअरसाठी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा. राज्य विचारलं की कार्यालय जिथे आहे ते निवडा. मोबाइलला सीमेवर महाराष्ट्राचा टॉवर लागतो म्हणून महाराष्ट्र निवडू नका.

शिवाय एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला) कळवावी लागते. लहान उद्योगांना दिलेली सवलत २५ सप्टेंबर २०२२ ला संपली. निर्देशांत ‘बॉडी कॉर्पोरेट’ असा शब्द आहे, आणि आयटी कायद्यातल्या व्याख्येत भागीदारी फर्म आणि एकट्या मालकाची पेढीही येते. सर्ट-इनचा टोल फ्री नंबर १८००-११-४९४९. ईमेलमध्ये चिठ्ठीचा फोटो, वेळ, किती मशीनं आणि काय बंद केलं, एवढं पुरे.

“पोलीस कॉम्प्युटर उचलून नेतात”

ही भीती पूर्ण खोटी नाही, डिस्क पुरावा म्हणून मागितली जाऊ शकते. पण नवी एसएसडी टाकून काम सुरू केलेलं असेल तर जुनी डिस्क द्यायला अडचण काय? बेळगाव शहरात आणि जिल्ह्यात सायबर गुन्ह्यांसाठी सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे) पोलीस ठाणी आहेत. ऑफिस बेळगावात आणि कारखाना शिनोळीत, म्हणजे महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात, असा प्रकार इथे घरोघरी. हद्दीचा प्रश्न काढून परत पाठवलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवा. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. तक्रार मराठीत लिहिली तरी सोबत एक पान इंग्रजी सारांश ठेवा, कारण तो पुढे बेंगळुरू आणि दिल्लीपर्यंत जातो.

डिस्क देण्याआधी जाणकाराकडून राइट-ब्लॉकर (डिस्कवर काही लिहू न देणारं उपकरण) लावून तिची पूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढून घ्या, हॅश व्हॅल्यू (प्रत बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) लिहून ठेवा आणि तीच पंचनाम्यात नोंदवायला सांगा. पुढे किल्ली बाहेर आली तर ती इमेजवर चालते, मूळ डिस्क सुटण्याची वाट बघावी लागत नाही.