सैन्याचा हिशेब मागणारे फितूर कसे?

गेल्या पंधरवड्यात एकच संदेश माझ्यापर्यंत चार वाटांनी पोहोचला. सोसायटीच्या गटावर आला, सकाळच्या लोकलमधल्या सोबत्यांच्या गटावर आला, शाळेतल्या मित्रांच्या गटावर आला आणि तिन्ही वेळा मी त्याकडे काणाडोळा केला. चौथ्या वेळी मात्र तो नौपाड्यात राहणाऱ्या माझ्या मामांनी घरच्या गटावर टाकला आणि खाली ‘शंभर टक्के खरे’ असा शेरा मारला. मामांनी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत एकतीस वर्षे नोकरी केली आहे; तेव्हा सैन्याच्या बाबतीत मामा म्हणतात ते खरेच असणार, असे आमच्या घरातली सगळी भाचरे धरून चालतात. म्हणून हे लिहिणे भाग पडले.

संदेशाचा मजकूर थोडक्यात असा: संरक्षणाचा खर्च ही गुप्त बाब आहे, संसदेला त्यात नाक खुपसण्याचा अधिकार नाही. कॅगने, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, २०१७ मध्ये ‘सैन्याकडे दहाच दिवसांचा दारूगोळा’ असे जाहीर करून शत्रूला आयती माहिती पुरवली, ही सरळ फितुरी होती. ज्यांनी आयुष्यात बंदूक धरली नाही ते खासदार सेनापतींना काय विचारणार? जगातला कोणताही देश आपल्या सैन्याची लक्तरे अशी वेशीवर टांगत नाही. आणि सरकार लाखो कोटी देत असताना हिशेब हवाच कशाला?

पहिल्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. राज्यघटनेच्या ११४व्या अनुच्छेदाप्रमाणे संसदेने कायदा करून मंजुरी दिल्याशिवाय भारताच्या एकत्रित निधीतून एक रुपयाही काढता येत नाही, आणि त्यातून रणगाड्यांचा रुपया वगळलेला नाही. संरक्षण मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे खर्चाला मंजुरी मागणारे प्रस्ताव, दरवर्षी लोकसभेपुढे येतात. १९९३ पासून त्या संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीकडे तपासणीसाठी जातात, आणि तिच्यात दोन्ही सभागृहांचे मिळून ३१ सदस्य असतात. ही काही हल्लीची खोड नव्हे. सैन्यासाठी झालेल्या १९४८ च्या जीपखरेदीवर संसदेच्या लोकलेखा समितीने १९५१ मध्येच ताशेरे ओढले होते.

याच संदेशात ‘बासष्टला असे प्रश्न कोणी विचारले नव्हते’ अशीही एक ओळ आहे, आणि ती वाचून मला हसावे की रडावे ते कळेना. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनशी युद्ध पेटले आणि ते चालू असतानाच ८ नोव्हेंबरला संसदेचे अधिवेशन भरले. चर्चा बंद दाराआड घ्यावी अशी सूचना पुढे आली होती, ती पंतप्रधान नेहरूंनी मानली नाही. कृष्ण मेनन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावे लागले तेही मुख्यतः त्यांच्याच पक्षाच्या खासदारांच्या रेट्यामुळे. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य आपण मराठी माणसे यशवंतरावांबद्दल आजही अभिमानाने म्हणतो; पण सह्याद्री ज्या खुर्चीवर जाऊन बसला ती रिकामी कशी झाली, हे सोयीस्कर विसरतो.

आता दारूगोळ्याकडे येतो, कारण सगळ्यात घातक मुद्दा हाच आहे आणि मामांनी अंगठा उठवला तोही यालाच.

कॅगचा तो अहवाल २१ जुलै २०१७ रोजी संसदेत मांडला गेला. घनघोर युद्ध झाल्यास ४० दिवस पुरेल इतका साठा असावा असे सैन्याचेच जुने परिमाण होते, आणि त्याखाली २० दिवसांची एक किमान पातळीही ठरवलेली होती. लेखापरीक्षकांनी दारूगोळ्याचे १५२ प्रकार पाहिले, तेव्हा सप्टेंबर २०१६ मध्ये त्यांपैकी ६१ प्रकार दहा दिवससुद्धा पुरले नसते. म्हणजे ‘सैन्याकडे दहाच दिवसांचा दारूगोळा’ हे वाक्य अहवालातले नाही; ते संदेश लिहिणाऱ्याचे आहे. अहवाल प्रकारांबद्दल बोलतो, काही प्रकारांचा साठा पूर्ण ४० दिवसांचा असल्याचेही सांगतो, आणि त्यातली स्थिती मांडल्या दिवशी दहा महिने जुनी होती. तत्कालीन संरक्षणमंत्री अरुण जेटली यांनीही तेव्हा संसदेत उत्तर देताना, ही टिप्पणी एका विशिष्ट काळापुरती असल्याचे सांगितले होते.

शिवाय हा पाठपुराव्याचा अहवाल होता. याच विषयावरचा मूळ अहवाल २०१५ मध्ये आला होता, आणि त्यानुसार मार्च २०१३ मध्ये निम्मे प्रकार दहा दिवसांच्या खाली होते. पहिल्या अहवालानंतर शांतपणे कोठारे भरली गेली असती, तर दुसऱ्यात लिहायला काही उरलेच नसते. उरीच्या हल्ल्यानंतर खरेदीची गाठ सैल झाली, आणि दुसरा अहवाल येण्याच्या काही दिवस आधी सेनेच्या उपप्रमुखांना ४६ प्रकारचा दारूगोळा थेट खरेदी करण्याचे अधिकार मिळाल्याच्या बातम्या आल्या. हे केवळ कॅगमुळे घडले असा दावा मी करणार नाही. पण तुटवडा कागदावर नोंदवणारा फितूर, आणि तो तुटवडा वर्षानुवर्षे सांभाळणारी फाइल मात्र देशभक्त, ही वाटणी मला समजत नाही.

आणि गळतीचाच राग असेल, तर खरी गळती आठवावी. मार्च २०१२ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंह यांनी पंतप्रधानांना लिहिलेले, रणगाड्यांच्या दारूगोळ्याची टंचाई सांगणारे पत्र वर्तमानपत्रात छापून आले. ते ना कॅगने लिहिले होते, ना कोणत्या संसदीय समितीने. सियाचीनचेच पाहा. उंचावरच्या जवानांना नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात बहुउपयोगी बूट मिळाले नाहीत आणि जुनेच बूट दुरुस्त करून वापरावे लागले, असे कॅगच्या २०२० च्या सुरुवातीला मांडलेल्या अहवालात आहे. शत्रूला कळले म्हणून जवानाचे पाय गारठत नाहीत, बूट नसले म्हणून गारठतात.

मामांना एक आठवण करून देतो. लहानपणी त्यांनी मला स्वयंपाकघरातला पाण्याचा नळ आणि दोन पेन्सिली घेऊन गेज म्हणजे काय ते समजावले होते: गेजचे एक टोक नगात सहज गेले पाहिजे, दुसरे टोक जाता कामा नये, आणि ज्याने नग घडवला त्याने स्वतःच तो ‘पास’ म्हणायचा नसतो. तपासणीवाल्याने लॉट परत पाठवला की मामा घरी येऊन त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत. पण तो पाकिस्तानला मिळाला आहे असे ते कधी म्हणाल्याचे मला आठवत नाही.

खासदारांना काय कळते, हा तिसरा मुद्दा. मार्च २०१८ मध्ये स्थायी समितीचे अध्यक्ष भुवनचंद्र खंडुरी होते, म्हणजे लष्करातून निवृत्त झालेले मेजर जनरल. पण ते नसते तरी फरक पडला नसता, कारण समितीपुढे बोलतात ते सेनेचे अधिकारीच. त्या वर्षी उपलष्करप्रमुख लेफ्टनंट जनरल सरथ चंद यांनी सांगितले की सेनेची ६८ टक्के सामग्री कालबाह्य झालेली आहे, २४ टक्के सध्याच्या काळातली आहे आणि अत्याधुनिक म्हणावी अशी अवघी ८ टक्के आहे. आधुनिकीकरणासाठी २१,३३८ कोटी रुपये मिळाले होते, तर आधीच करार झालेल्या १२५ योजनांचे देणे २९,०३३ कोटी रुपयांचे होते. म्हणजे नवे काही घेणे दूरच, जुनी उधारीसुद्धा फिटत नव्हती. हे रडगाणे विरोधी पक्षाचे नव्हते. गणवेशातल्या अधिकाऱ्याने ते संसदेच्या समितीपुढे मांडले. मंत्रालयाने हात वर केल्यावर त्याला आपली अडचण नोंदीवर आणता येईल अशी जागा हीच होती. ती बंद करा म्हणणारे सैन्याच्या बाजूचे कसे ठरतात?

जगाचे उदाहरण तर उलटेच आहे. जर्मनीत अडीच कोटी युरोंवरची प्रत्येक लष्करी खरेदी संसदेच्या अर्थसंकल्प समितीपुढे जाते, आणि संसदेचा स्वतंत्र आयुक्त सैन्याच्या उणिवांवर दरवर्षी उघड अहवाल काढतो. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे २०१८ मध्ये पहिल्यांदा संपूर्ण लेखापरीक्षण झाले, त्यात ते नापास झाले, आणि ही गोष्ट त्यांनी स्वतःच जाहीर केली.

लाखो कोटींबद्दल एवढेच की २०२५-२६ च्या ६.८१ लाख कोटींपैकी सुमारे १.६० लाख कोटी निवृत्तिवेतनाचे होते आणि भांडवली खर्चाला, म्हणजे नव्या सामग्रीच्या खरेदीसारख्या खर्चाला, १.८० लाख कोटीच होते. निवृत्तिवेतन हा जवानांचा हक्कच आहे. पण त्याने नवी तोफ येत नाही, आणि ही फोड आपल्याला कळते तीदेखील संसदेपुढे ठेवलेल्या कागदांमुळेच.

संदेशात अर्धे सत्य आहे, आणि ते नाइलाजाने का होईना, मान्य करतो. प्रत्येक आकडा चव्हाट्यावर यावा असे नाही. पण त्याची सोय आधीपासून आहे: समित्यांच्या बैठका खासगी असतात, राज्याच्या सुरक्षिततेला धोका असल्यास सरकार कागद देण्याचे नाकारू शकते, आणि स्थायी समितीचे अहवाल उघडले तर नाजूक आकड्यांच्या जागी नुसत्या तारका छापलेल्या दिसतात. राफेल विमानांच्या खरेदीवरच्या कॅगच्या २०१९ च्या अहवालात किमती झाकलेल्या होत्या. कॅगचा शब्द अंतिम असतो असेही नाही. कॅगने ताशेरे ओढलेल्या कारगिलच्या शवपेट्यांच्या खरेदीच्या प्रकरणात तत्कालीन संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांची किती बदनामी झाली, आणि त्यांच्यावर काहीही सिद्ध झाले नाही.

आणि मामांना संसदेवर राग काढायचाच असेल, तर त्याला चांगले निमित्त आहे. ६८ टक्के सामग्री कालबाह्य असल्याचे सांगणारा स्थायी समितीचा तो अहवाल १३ मार्च २०१८ रोजी लोकसभेत मांडला गेला. दुसऱ्या दिवशी, १४ मार्चला, सभागृहातल्या गदारोळात सगळ्या मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या एकही शब्द चर्चा न होता, आवाजी मतदानाने, अर्ध्या तासाच्या आसपास मंजूर झाल्या. संरक्षणाच्याही त्यांतच होत्या.