मदरबोर्डच्या एफपीएसवर तुम्ही जे बोललात, त्याला उत्तर

दादा, तुमचं म्हणणं असं की मी सहा बोर्डांवर तोच प्रोसेसर, तेच ग्राफिक्स कार्ड लावून गेमचे एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) काढले, फरक एक-दोनाचा आला अन् "स्वस्तातला घ्या" लिहून मोकळा झालो, आता तसलाच बोर्ड घेतलेल्या तुमच्या भावाचा गेम अर्ध्या तासानं अडकायलाय. राग बरोबर आहे तुमचा. आकडे मी मागं घेत नाही, पण त्यावरून दिलेला सल्ला चुकला.

आकडे सारखे का आले ते सांगतो. पूर्वी रॅमला प्रोसेसरशी जोडणारा कंट्रोलर बोर्डावरच्या चिपसेट नावाच्या चिपमध्ये असायचा, बोर्ड बदलला की गेमचा वेगपण बदलायचा. एएमडीनं २००३ ला अ‍ॅथलॉन ६४ मध्ये अन् इंटेलनं २००८ ला कोअर आय७ मध्ये तो प्रोसेसरच्या आतच घेतला, पुढं ग्राफिक्स कार्डाच्या लेन (डेटा जायच्या वाटा) पण थेट प्रोसेसरमधून यायला लागल्या. त्यात मी गेमची सेटिंग ठेवली अल्ट्रावर (सगळ्यात भारी चित्र, सगळा भार कार्डावर), म्हणजे मोजलं गेलं ते ग्राफिक्स कार्डच. (आरएक्स ६५०० एक्सटीसारखं चारच लेनचं कार्ड असेल तर मात्र ए५२० अन् बी५५० चिपसेटच्या बोर्डांमध्ये फरक दिसतो, कारण ए५२० ला पीसीआय ४.० म्हणजे जास्त वेगाच्या लेन नाहीत.)

बोर्डाचा कस लागतो तो व्हीआरएममध्ये, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागात. १२ व्होल्ट खाली आणून प्रोसेसरला सव्वाएक व्होल्टच्या आसपास द्यायचे, तेपण तासन् तास. माझी टेस्ट तीन मिनिटांची, जानेवारीतल्या रात्रीची, अन् आपल्या परभणीत मे महिन्यात पारा ४३ ला टेकतो. परवा मावसभावाची मशीन उघडली, आठ कोरचा प्रोसेसर अन् व्हीआरएमवर साधं हीटसिंकपण (उष्णता काढून टाकणारा धातूचा तुकडा) नाही. गेम लावून बसलो. वीसेक मिनिटांनी प्रोसेसर सत्तरच डिग्रीवर, तरी क्लॉक (प्रोसेसरचा वेग) धपकन खाली यायचा, परत चढायचा. साईड पॅनल काढून टेबलफॅनचं तोंड बरोबर व्हीआरएमच्या कोपऱ्याकडं केलं, अन् पाच मिनिटांत गेम सुरळीत. म्हणजे तापून वेग पाडत होता तो व्हीआरएमच.

तुमच्या भावाला आधी एवढंच करून बघायला सांगा, बोर्ड लगेच फेकू नका. रॅमची एकच स्टिक लावली असेल तर तीपण दोन करा, त्यानंपण गेम अडकतो. मी सहाही बोर्ड याच उन्हात, कॅबिनेट बंद ठेवून तास-तासभर परत चालवायलोय, अन् यावेळी सरासरी एफपीएससोबत क्लॉक अन् व्हीआरएमचं तापमानपण टाकतो.