आप्पा, पोरांना सोसायला नाही, बोलायला शिकवतोय

आप्पा, नमस्कार. कारखान्यात नव्याने लागणाऱ्या पोरांसाठी आम्ही जे क्लास घेतो, त्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची कमेंट नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की नव्या कामगारांना सॉफ्ट स्किल (बोलणं, वागणं, जुळवून घेणं) आणि मनाची ताकद शिकवा म्हणणं म्हणजे कंपनीचा त्रास पोरांनी गुपचूप सोसावा याची तयारी करून घेणं, आणि तुम्ही लोक तर कसलाही क्लास न करता मिलमध्ये लागलात, कुठे काय अडलं?

आधी दुसरा मुद्दा घेतो. तुम्ही मिलमध्ये लागलात तेव्हा खात्यात गावचा, नाहीतर नात्यातला कोणीतरी आधीच होता ना? अमळनेर काय, चाळीसगाव काय, धुळं काय, माणूस ओळखीपाळखीनेच आत जायचा. तोच माणूस मशीन दाखवायचा, कोणाशी कसं बोलायचं ते अहिराणीत सांगायचा, चुकलं की आडोशाला नेऊन रागवायचा, पगारापर्यंत उसने पैसे पण द्यायचा. तुमचा क्लास शेजारच्या मागावर उभा होता आप्पा. आता साक्रीचं नाहीतर पारोळ्याचं पोरगं आयटीआय करून कॉन्ट्रॅक्टरमार्फत चाकणला जातं, रूमवर सगळे अनोळखी, लाईनवर हिंदी, आणि सुपरवायझरने चारचौघात शिवी दिली की ते कोणाला सांगणार? घरी सांगितलं तर आई म्हणते निघून ये.

हवाईच्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोघी संशोधकांनी कित्येक दशकं पाठपुरावा केला. गरिबी, घरात भांडणं, आजारपण अशा कठीण घरांतल्या मुलांपैकीही साधारण एक तृतीयांश चांगली उभी राहिली, आणि त्यांच्यात पुन्हा पुन्हा दिसलं ते हे, की पाठीशी निदान एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं. मुलांचा अभ्यास आहे, कारखान्याचा नाही, पण आपल्या पोरांकडे बघताना मला तो सारखा आठवतो. म्हणून मी म्हणतो की पोरगं कामाला लागलं की पहिल्याच आठवड्यात त्याला एक जुना कामगार जोडून द्या.

आता सोसण्याचं. मी कुठेही "मन घट्ट कर आणि गप्प बस" असं लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. पोरांना मी सगळ्यात आधी काय म्हणायला लावतो माहितीये? "माले समजनं नही, परत सांगा." आधी अहिराणीत, मग हिंदीत, मोठ्याने. कारण न समजता मान हलवणारं पोरगंच एक्स्ट्रुडरवर (प्लास्टिक वितळवून पाईप वगैरे काढायचं गरम मशीन) हात भाजून घेतं. एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी हॉस्पिटलांमधल्या टीमचा अभ्यास केला तेव्हा चांगल्या टीममध्ये चुका उलट जास्त नोंदलेल्या निघाल्या, आणि कारण त्यांना हे दिसलं की तिथली माणसं चूक लपवत नव्हती. मग आमच्यात पगाराची स्लिप वाचणं येतं, पीएफ कापला तर भरला का ते बघणं येतं, ओव्हरटाईमला दुप्पट दर हा १९४८ च्या फॅक्टरी कायद्यापासूनचा हक्क आहे हे येतं, मशीनचं गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेलं झाकण, काढून काम कर म्हटलं तर न भांडता पण ठाम नाही कसं म्हणायचं ते येतं. याला सोसणं म्हणायचं का, तुम्हीच सांगा.

तरी तुमचं एक शंभर टक्के पटतं. कामाच्या ताणावर अभ्यास करणारे रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की कामाचा बोजा मोठा आणि आपल्या हातात काहीच नाही, अशा ठिकाणी ताण सगळ्यात जास्त. तिथे पोराला दीर्घ श्वास घ्यायला शिकवून काय होणार, पगार वेळेवर पाहिजे, सुट्टी पाहिजे. आणि माझं तर मत आहे की पहिलं ट्रेनिंग सुपरवायझरचं व्हावं, त्याला न ओरडता चूक सांगता आली पाहिजे, नाहीतर पोरांचं शिकलेलं दोन दिवसात वाया जातं.

एक नंबर मात्र सगळ्या पोरांच्या मोबाईलमध्ये असू द्या: १४४१६, सरकारची टेली मानस हेल्पलाईन, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. झोप उडाली, जेवण जाईना, जीव नकोसा वाटायला लागला तर ते क्लासचं काम नाही, तिथे फोनच करायचा.

आणि आप्पा, तुम्ही जळगावातच असता तर आमच्या पुढच्या बॅचला या ना. पहिला महिना कसा काढला, कोणी सांभाळून घेतलं, कुठे भांडलात, सगळं सांगा, अहिराणीतच सांगा.