शेठ, पाणी आपोआप वाहून जातं

डोंगरावर खदान चालवायची आणि वर पावसाच्या पाण्याचीही काळजी करायची, एवढी कामं एका माणसाने करू नयेत. तेव्हा शेठ, पाण्याचं सोडून द्या. मृग लागायच्या आत ते कसं सोडायचं, तेवढं ऐका.

आधी पाऊस मोजा. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिमी पडतो. ३६५ ने भागलं की रोजचे दोन मिमी. एवढ्या दवाला चर कोण खणतो? तुमची खदान त्र्यंबकच्या अंगाला आहे आणि तीसेक किलोमीटरच्या अंतरात पाऊस दोन हजारांच्या पुढे जातो, असं कोणी म्हणालंच तर ‘जिल्हा एकच ना?’ एवढं विचारा. एखादा इंजिनिअर म्हणेल की चराला वर्षाचा पाऊस कळत नाही, तासाचा कळतो. मग तो तासाला ६० मिमी धरेल. वर सहा हेक्टर गवताळ उतार, तिथलं निम्मं पाणी वाहून येतं. खाली चार हेक्टर उघडी खदान, तिथलं ८० टक्के. म्हणजे वरून सेकंदाला ५०० लिटर आणि खदानीतून ५३०. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आता मुख्य काम. डोंगरावरचं स्वच्छ पाणी खदानीत घ्या. खदानीच्या वरच्या काठाने गारलँड ड्रेन, म्हणजे खदानीला वळसा घालणारा चर काढला, तळ ६० सेंमी, पाणी ६० सेंमी, वर ३० सेंमी मोकळी जागा, बाजू तिरक्या आणि उतार शंभरात एक, तर खडबडीत पाषाणातूनही सेकंदाला ९०० लिटर सुखाने जातं आणि खदानीला न शिवता मूळच्या नाल्याला मिळतं. पण मग खदानीच्या पाण्यातला गाळ बसवायच्या तळ्याचं काय? वीस मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा गाळ संथ पाण्यात सेकंदाला मिलिमीटरचा तिसरा हिस्सा खाली बसतो. त्या हिशेबाने नुसत्या खदानीच्या पाण्याला निदान पंधरा गुंठ्यांचं तळं लागतं, दोन्ही पाणी एकत्र केलं तर अठ्ठावीस. तुमचं तळं आहे एक गुंठ्याचं. ते दोन्हीला सारखंच अपुरं आहे, मग वरच्या पाण्याशी भेदभाव कशाला?

तळ्यात पाणी येण्याची आणि जाण्याची तोंडं शेजारी-शेजारी ठेवा. लांबीच्या दोन टोकांना ठेवली तर पाण्याला सगळं तळं फिरून जावं लागतं आणि वाटेत गाळ बसतो. पाईप उगाच जास्त लागतो, शिवाय बसलेला गाळ पुन्हा तुम्हालाच काढावा लागणार. त्यातून चिकणमातीचा दोन मायक्रॉनचा कण भेटला तर तो एक मीटर खाली जायला तीन दिवसांवर वेळ घेतो. माठात तुरटी फिरवतात तसं इथेही करता येतं, पण किती लागेल ते आधी बाटल्यांत पाणी घेऊन वेगवेगळं प्रमाण टाकून बघावं लागतं. तुम्ही तुरटीचं अख्खं पोतं पाणी येण्याच्या तोंडावर ठेवा. फोटोत छान दिसतं.

चर काढायचाच झाला तर थेट उताराने, वरून खाली. पोकलेनचं डिझेल वाचतं. शंभरात एकऐवजी दहात एक उतार दिला की पाण्याचा वेग तिप्पट होतो, सेकंदाला चार मीटर. मुरूम तो सोसत नाही. दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) किंवा पायऱ्या नसतील तर श्रावणापर्यंत तुमच्या चराचा ओढा होतो. रुंदीकरण फुकटात झालं, असं समजा.

बेंचचा, म्हणजे खदानीतल्या पायरीचा, उतार बाहेरच्या कडेकडे ठेवा. आतल्या बाजूला ठेवून पायथ्याशी चर काढला तर पाणी शिस्तीने एका टोकाला जातं, पण धबधब्याची मजा जाते. काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये लाल गेरूचा पट्टा दिसला तर मुरमाचा ढीग बरोबर त्याच्या वर रचा. फटींतून उतरलेलं पाणी गेरूपाशी अडतं, आडवं फिरतं आणि बेंचच्या तोंडातून पाझरतं. वर ढिगाचं वजन, खाली ओला गेरू. ढीग खाली आणायला हायवा ट्रक लागत नाही.

पर्यावरण मंजुरीच्या पत्रात एक अट असते. ५० वर्षांच्या आकड्यांतला सर्वांत मोठा पाऊस धरायचा आणि चराची क्षमता त्यावर आणखी ५० टक्के ठेवायची. दोन्हीकडे ५०, पाठ करायला सोपं. अहवालात ‘पूर्तता केली’ लिहा आणि फोटो एप्रिलचा जोडा. एप्रिलमध्ये चर तुंबलेला कोणी पाहिला आहे? बाहेर सोडायच्या पाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त तरंगता गाळ नको, हाही नियम आहे. त्याचा नमुना जानेवारीत घ्या. आषाढात बाटली लालभडक निघते आणि लॅबवाल्याला उगीच त्रास.

खाली भाताच्या खाचरात राड साचली म्हणून शेतकरी आले तर त्यांना नाशिकच्या गोदाकाठची दुतोंड्या मारुतीची मूर्ती दाखवा. पाणी मारुतीच्या अंगावर कुठवर चढलं त्यावरून पूर मोजतात, आणि पुरात कोणाची राड कोणती, हे मारुतीलाही सांगता येणार नाही.

तळ्यातला गाळ ऑगस्टमध्ये निम्मं तळं भरलं तरी काढू नका. दिवाळीनंतर, तो चांगला टणक झाला की, जेसीबी लावा आणि तळ्याच्या काठावरच रचून ठेवा. वळवाच्या पहिल्या सरीत तो आपला आपण जागेवर जाऊन बसतो.